पंपाचा प्लग कोण काढत होतं?

या सदरातले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, आणि खोटं कशाला बोलू, बऱ्याचदा वाचता वाचता हसलोय. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. एखादी गोष्ट ‘आपोआप’ झाली असं कोणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो — शेवटचा हात कोणाचा लागला होता? भूत, शक्ती, संकेत… असल्या कशावर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणता येणार नाही. पण जे घडलं ते माझ्याच घरात, भर दिवसा घडलं, आणि त्यापायी मी एका भल्या माणसावर आळ घेतला. इतकी वर्षं ही गोष्ट घरातल्या घरात राहिली. आता केतकीच म्हणाली, लिहून टाक एकदाचं. म्हणून लिहितोय.

२००६ चा शेवट आणि २००७ ची सुरुवात. आम्ही तेव्हा इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला राहत होतो. मी एका बिझनेस पार्कमधल्या कंपनीत, आणि केतकी, माझी बायको, आठवड्यातून तीन दिवस एका लायब्ररीत. घर साठच्या दशकातलं, सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एक भिंत शेजारच्या घराशी सामाईक. लिव्हिंग रूमच्या मागच्या भिंतीला लागून एक अरुंद युटिलिटी रूम होती. तिला दार एकच, किचनमध्ये उघडणारं. खिडकीही एकच, आणि तीसुद्धा कडीसकट रंग थापून कायमची बंद झालेली, नुसती उजेडापुरती. हे आधीच सांगतोय, कारण वाचणारा प्रत्येक जण हेच विचारेल — दुसरा रस्ता होता का आत जायला? नव्हता.

या युटिलिटी रूमपायी सगळं सुरू झालं. मला भिंतीत बसवलेला समुद्र हवा होता. म्हणजे खाऱ्या पाण्याची, जिवंत कोरल असलेली टाकी, पण स्टँडवर ठेवलेली नाही. सोफ्यावरून बघताना भिंतीवर फ्रेम केलेल्या चित्रासारखी दिसली पाहिजे, आणि मागचा सगळा पसारा — पंप, पाइप, हीटर, मिठाच्या बादल्या — मागच्या खोलीत. एका बिल्डरला बोलावून भिंतीला पाच फूट बाय दोन फुटांचं भोक पाडलं, वर भिंतीच्या आधाराला लिंटेल घातलं. टाकी सहाशे लिटरच्या आसपासची. खालची जमीन काँक्रीटची म्हणून निभावलं. मागच्या काचेला मी स्वतः गडद निळा रंग दिला, म्हणजे समोरून पाहताना मागची खोली दिसू नये.

टाकीच्या खाली, मागच्या खोलीत, दुसरी एक छोटी टाकी असते. वरचं पाणी तिच्यात उतरतं, तिथे गरम आणि स्वच्छ होतं, आणि एक पंप ते परत वर चढवतो. हा पंप म्हणजे सगळ्याचं हृदय. तो थांबला की गरम पाणी वर जात नाही, हवा खेळत नाही, आणि हिवाळ्यात काही तासांत कोरल मिटायला लागतात.

ऑगस्टमध्ये पाणी भरलं. मग दीड-दोन महिने नुसते दगड आणि पाणी बघत बसायचं, कारण लगेच मासे सोडले तर मरतात. ऑक्टोबरमध्ये दोन क्लाउनफिश आले, एक पिवळा टँग, निळ्या क्रोमिसचा छोटा थवा, हळूहळू कोरल. मी रोज ऑफिसला जाण्याआधी अर्धा तास आणि आल्यावर तासभर त्या खोलीत. केतकीला मासे आवडत होते, पण ती एकदा म्हणाली, “मिलिंद, तू घरी आलास हे मला त्या खोलीच्या दाराच्या आवाजावरून कळतं. तुझ्यावरून नाही.” मी हसण्यावारी नेलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नाना आले. नाना म्हणजे केतकीचे वडील. नागपूरचे, वीज खात्यात लाइनमन म्हणून लागले आणि सुपरवायझर होऊन रिटायर झाले. माझ्या मेव्हण्याला नुकतंच बाळ झालं होतं म्हणून सासूबाई तिकडेच थांबल्या होत्या, आणि नाना एकटेच तीन महिन्यांसाठी आले होते. शांत माणूस. थंडीत दोन स्वेटर घालून खिडकीपाशी बसायचे, बाहेरून कोणी गेलं की “गुड मॉर्निंग” म्हणायचे… काचेच्या आतूनच.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी जिन्याखालचा फ्यूजचा डबा उघडून पाहिला.

“मिलिंदराव, याला ट्रिप-स्विच नाही? करंट गळला की लाइन आपोआप तोडणारा?”

“जुनं घर आहे नाना. इथल्या जुन्या घरांत असंच असतं.”

“मग पाण्याचं एवढं काम करून राहिले तुम्ही, तर आधी तेवढं बसवून घ्या बाप्पा.”

मी म्हटलं, “नाना, हे इंग्लंड आहे. इथे सगळं स्टँडर्डप्रमाणेच असतं.” माझा आवाज जरा चढाच लागला असावा. नानांनी डबा बंद केला आणि ते खिडकीपाशी जाऊन बसले.

पहिला प्रकार जानेवारीतला. स्टॅनमोरला माझ्या कॉलेजच्या मित्राकडे तिळगुळाचा कार्यक्रम होता. शनिवारी सकाळी दहाला आम्ही तिघं निघालो. गाडीत बसल्यावर नाना म्हणाले, “मफलर राहिला,” आणि किल्ली घेऊन आत गेले. दोन-तीन मिनिटांत परत आले. पाच वाजता घरी पोचलो. दार उघडलं तेव्हाच मला जाणवलं — घर शांत होतं. टाकीचा जो सतत झुळझुळ आवाज असायचा, तो नव्हता.

मागच्या खोलीत गेलो. पंपाचा प्लग सॉकेटमधून काढलेला होता. नुसता काढलेला नाही. सॉकेटचं बटण बंद केलेलं, आणि वायर छान गोल गुंडाळून, शेवटचं टोक मधून ओवून, खिडकीच्या कडीला टांगलेली. पाण्याचं तापमान चार डिग्रीने उतरलं होतं. एक क्रोमिस तळाशी पडला होता आणि माझं सगळ्यात मोठं कोरल पार आत ओढलं गेलं होतं.

मी विचारलं, “प्लग कोणी काढला?”

केतकी म्हणाली, “मी नाही.” नाना म्हणाले, “मी तर त्या खोलीत गेलोच नाही.”

पण वायरची ती गुंडाळी डोक्यात बसली. मी वायर कधी गुंडाळत नाही, कोंबतो. केतकीही तशीच. नाना मात्र आदल्याच आठवड्यात व्हॅक्युम क्लीनरची वायर गुंडाळत होते — हाताच्या पंजावर मोजून वेढे, आणि शेवटचं टोक मधून ओवलेलं. अगदी तशीच. मी तेव्हा कौतुकाने म्हटलंही होतं, “नाना, हात अजून लाइनमनचा आहे.”

मी प्लग परत लावला, आणि त्या दिवसापासून घरात नजर ठेवायला लागलो. आता लिहिताना लाज वाटते, पण मी दाराच्या फटीत कागदाची चिटोरी अडकवून ऑफिसला जायचो. संध्याकाळी चिटोरी पडलेली असायची. मग मी सहज विचारल्यासारखं विचारायचो, “आज युटिलिटीत कोणी गेलं होतं का?” केतकी म्हणायची, “वॉशिंग मशीन तिथेच आहे, मिलिंद. कपडे कुठे धुऊ?” तिचंही बरोबर होतं.

चार दिवसांनी, बुधवारी, मी सहाला घरी आलो तर पुन्हा तेच. बटण बंद, वायर गुंडाळून कडीला. केतकीची त्या दिवशी सुट्टी होती, म्हणजे दोघंही दिवसभर घरात. दोघंही म्हणाले, आम्ही हात लावला नाही. पण या वेळी एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. मी विचारल्यावर केतकीने आधी नानांकडे पाहिलं, आणि नाना खाली बघत होते.

मला वाटलं, दोघं मिळून काहीतरी लपवतायत. केतकीला टाकी नकोशी झालीये आणि ती वडिलांकरवी करून घेतेय. किंवा नानांना माझ्यावर राग आहे — ट्रिप-स्विचवरून मी त्यांना उडवून लावलं म्हणून — आणि केतकीला ते ठाऊक आहे. ऑफिसात बसून मी याच्याच याद्या करत होतो. शेजारच्या मॉरीनकडे आमच्या घराची एक किल्ली असायची, तिलाही सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं, तुम्ही मधे कधी आत गेला होता का? सत्तरीची बाई. ती आत गेली, किल्ली आणून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, “ही तुमच्याकडेच असू दे.” तिथेच तिला हेही विचारलं, की आमच्या आधी या घरात कोण राहत होतं. तुम्हाला आता काहीतरी सनसनाटी अपेक्षित असेल… नाही. दोन मुली असलेलं एक जोडपं, मुलींची लग्नं झाली, आईबाप स्पेनला राहायला गेले. दर ख्रिसमसला मॉरीनला कार्ड येतं. त्या घरात कोणी मेलं नव्हतं.

मग तो रविवार. सकाळी नऊ-साडेनऊ. केतकीने पोहे केले होते, आम्ही लिव्हिंग रूममध्ये टेबलापाशी खात होतो. नाना उठून लिंबू आणायला किचनमध्ये गेले. जेमतेम एक मिनिट. परत आले, बसले, लिंबू पिळलं. आणि टाकीचा आवाज बंद पडला.

मी घास टाकून धावलो. वायर कडीला टांगलेली होती.

परत येऊन मी नानांच्या खुर्चीसमोर उभा राहिलो. मी म्हटलं, “नाना, आता तरी सांगा.”

“काय सांगू?”

“प्लग का काढता तुम्ही?”

“मी नाही काढला, मिलिंदराव.”

“आत्ता तुम्हीच गेला होता ना आत?”

“लिंबू आणायला गेलो होतो.”

“त्या शनिवारी मफलर, आज लिंबू. ती वायर कोण गुंडाळतं तशी या घरात? मी? केतकी? तुम्हाला टाकी आवडत नसेल तर तोंडावर सांगा. माझे जीव मरतायत तिथे, आणि तुम्ही माझ्यासमोर बसून पोहे खाताय.”

केतकी म्हणाली, “मिलिंद, पुरे.”

नाना काही वेळ बशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मुक्या जिवांना मी कशाला मारीन?” एवढंच. स्वतःची बशी उचलली, किचनमध्ये नेऊन धुतली, आणि वर त्यांच्या खोलीत गेले.

त्यांनी जोर लावून नाकारलं नाही, म्हणून माझी खात्रीच पटली. त्याच दुपारी मी दुकानातून कडी आणि कुलूप आणून युटिलिटीच्या दाराला बसवलं. नाना किचनमध्ये चहा करत होते, त्यांच्यासमोर ड्रिल चालवलं. कुलपाला दोन किल्ल्या होत्या, दोन्ही माझ्या गाडीच्या किल्लीच्या रिंगमध्ये अडकवल्या. कपडे धुवायचे तर मी घरी असताना.

त्या दिवसापासून प्रकार थांबला. एक दिवस गेला, दोन गेले, आठ गेले. पंप चालू. नानांनी एजंटला फोन करून तिकीट अलीकडचं करून घेतलं. केतकीला सांगितलं, बाळाची आठवण येते. रविवारी आम्ही त्यांना हीथ्रोला सोडलं. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “गाडी जपून चालवा, रस्ता ओला आहे.” परत येताना केतकी खिडकीबाहेर बघत होती. मी मूर्खासारखं बोलून गेलो, “बघ, कुलूप लावल्यापासून एकदाही झालं नाही.” तिने मान वळवली नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी मी घरून काम करत होतो. केतकी लायब्ररीत. दुपारचा दीड. बाहेर स्वच्छ ऊन होतं, थंडीतलं. मी लिव्हिंग रूमच्या टेबलावर लॅपटॉप लावून, टाकीकडे तोंड करून बसलो होतो. जेवण झालं होतं, कॉफी समोर होती. झोपेत नव्हतो, भासाबिसाच्या मनःस्थितीतही नव्हतो, एका क्लायंटला कंटाळवाणी मेल लिहीत होतो.

मासे माणूस ओळखतात, हे पाळणाऱ्यांना माहीत असतं. मी मागच्या खोलीत गेलो आणि वरचं झाकण उचलायला जवळ आलो, की ते सगळे डाव्या वरच्या कोपऱ्यात गोळा होतात, कारण मी तिथूनच खाणं टाकतो. लिव्हिंग रूममधून कितीही हात हलवा, तिकडे जात नाहीत.

मी मेलमधून डोकं वर काढलं तेव्हा दोन्ही क्लाउनफिश, पिवळा टँग, उरलेले क्रोमिस… सगळे त्या कोपऱ्यात होते. तोंडं वर करून.

मी तसाच बघत राहिलो. मग निळ्या काचेच्या पलीकडे ‘टक्’ असा आवाज झाला. इथल्या सॉकेटचं बटण दाबल्याचा तो जाड आवाज, चुकण्यासारखा नाही. आणि टाकीची झुळझुळ हळूहळू मंद होत थांबली.

मी उठलो. किचनमधून युटिलिटीच्या दारापर्यंत सात-आठ पावलं. कुलूप लावलेलं होतं. किल्ली खिशात होती, कुलूप उघडायला मला दोनदा प्रयत्न करावा लागला. फार तर दहा सेकंद गेले असतील. दार ढकललं. आत कोणी नव्हतं. बटण बंद होतं. वायर गुंडाळून, टोक ओवून, खिडकीच्या कडीला अडकवलेली होती, आणि ती अजून हलत होती. झोपाळा थांबत येतो ना, तशी.

नंतर मी घड्याळ लावून तशी वायर गुंडाळून पाहिली. घाई करूनही मला बावीस सेकंद लागले.

मी किचनच्या फरशीवर बसलो. किती वेळ ते आठवत नाही. भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त, नानांचं ते बशीकडे बघणं डोळ्यांसमोर येत होतं. आणि तरीही, माझा स्वभाव बघा, मी फोन केला तो इलेक्ट्रिशियनला. मला वाटत होतं की सॉकेटमध्ये किंवा पंपात काही बिघाड असणार, आणि त्यातून बाकीचंही कसंतरी समजेल. प्लग मात्र मी परत लावला नाही, मासे-कोरलांचं काय व्हायचं ते होवो. त्या वायरला हात लावायची माझी हिंमत नव्हती.

इलेक्ट्रिशियन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने फ्यूजचा डबा पाहिला आणि नानांसारखंच विचारलं, ट्रिप-स्विच नाही? मग आधी हीटरचा आणि बाकी सगळ्यांचे प्लग काढायला लावले, आणि पंप खालच्या टाकीतून बाहेर काढला. वायर बोटांतून सरकवत नेली आणि एका जागी थांबला. पंप थरथरतो, आणि त्या थरथरण्याने वायर आतल्या काचेच्या कडेला महिनोन्महिने घासत राहिली होती. वरचं कवच फाटलं होतं. आत तांबं दिसत होतं, हिरवं पडलेलं.

“हे सुरू असताना या पाण्यात हात घालता तुम्ही?”

मी म्हटलं, “रोज.”

“कधी मुंग्या आल्यासारखं वाटलं?”

वाटलं होतं. गेले दोन-तीन आठवडे. मला वाटायचं, थंडीने बोटांना चिरा पडल्यात आणि मीठ झोंबतंय.

त्याने खाली माझ्या रबरी सपातांकडे पाहिलं. मग शेजारच्या, खोली गरम करणाऱ्या लोखंडी रेडिएटरकडे. त्यावर माझा टॉवेल वाळत होता. पाण्याच्या टाकीपासून हातभर अंतरावर.

“एक हात पाण्यात असताना,” तो म्हणाला, “दुसऱ्याने हा टॉवेल घ्यायला जाऊन या लोखंडाला टेकला नाहीत, हे तुमचं नशीब. रबरावर उभे होतात म्हणून वाचलात.”

तो काम करत होता तोवर मी बाहेर जाऊन गाडीत बसलो.

केतकी संध्याकाळी आली. मी तिला सगळं सांगितलं — मासे, आवाज, कुलूप, हलणारी वायर, तांबं. ती कोट न काढता ऐकत उभी होती. मग हळूच खुर्चीवर बसली.

“मी एकदा परत लावला होता,” ती म्हणाली.

“काय?”

“प्लग. तू त्या बुधवारी विचारलंस ना, त्याच्या आदल्या दिवशी. मी कपडे टाकायला गेले तर वायर टांगलेली. मला वाटलं, नानांनी केलं. तू त्यांच्यावर चिडशील म्हणून गुपचूप लावून टाकला.”

आम्ही दोघांनी मिळून नागपूरला फोन लावला, स्पीकरवर. तिकडे मध्यरात्र होत आली होती, पण बाळाच्या रडण्याने घर जागं होतं. मी माफी मागितली. नीट मागता आली नाही, वाक्यं अर्धवट राहत होती. मग वायरीचं सांगितलं.

“किती कापली होती?” नानांनी विचारलं.

“बोटभर. तांबं उघडं.”

“अन् मी ती तीनदा परत लावली,” नाना म्हणाले.

केतकी म्हणाली, “नाना, म्हणजे?”

“तू लायब्ररीत, हे ऑफिसात. मी दुपारी चहा करायला जाऊ, तर पाण्याचा आवाज बंद. तीन वेळा झालं असं. मला वाटलं, बाई, तूच करून राहिली. तुझं यांच्याशी काही बिनसलं असंल, सकाळी जाता जाता काढून जात असशील, अन् आवाज नंतर बंद होत असंल. मला काय कळतं त्या यंत्रातलं. म्हटलं आपण बोलू नये. परत लावून द्यायचो.”

“मग त्या रविवारी तुम्ही सांगितलं का नाही?” मी विचारलं.

“काय सांगू? मी नाही, तर माझी मुलगी?”

केतकी उठून किचनमध्ये गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. नानांनी विचारलं, “आता ट्रिप-स्विच बसवला नं?” मी हो म्हटलं. “मग झालं,” म्हणाले, आणि फोन ठेवला.

म्हणजे हिशोब करा. मला तीनच वेळा माहीत होतं. प्रत्यक्षात माझ्या डोळ्यांदेखतची दुपार धरून आठ वेळा तो प्लग निघाला होता. आणि ती शेवटची सोडून दर वेळी आम्हा तिघांपैकी कोणी ना कोणी तो परत लावत होतं, एकमेकांवर संशय घेऊन.

नवा पंप आला, नवी वायरिंग झाली. दाराचं कुलूप मी काढून टाकलं. त्यानंतर तीन वर्षं ती टाकी चालली, आणि प्लग एकदाही निघाला नाही.

मी सगळ्या शक्यता तपासल्यात. ढिलं सॉकेट — प्लग पडेल, गुंडाळला जाणार नाही. मॉरीन — किल्ली मी परत घेतली होती, आणि कुलूप तर माझंच. केतकी — त्या गुरुवारी ती लायब्ररीच्या काउंटरवर होती, मी नंतर तिच्या सहकारी बाईला आडून आडून विचारून खात्री केली. हो, तेव्हाही विचारलं. हे केतकीला हे वाचूनच कळेल. मी स्वतः, भ्रमात? शक्य आहे. पण मग नानांच्या आणि तिच्या चार वेळांचं काय करू? ज्याने कोणी ते केलं त्याला वायर कुठे कापलीये हे कळत होतं, एवढं मात्र दिसतं. याच्या पुढे माझी गाडी जात नाही. तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर जरूर लिहा, अगदी “तुम्ही थापा मारताय” असं असलं तरी.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात नाना सासूबाईंना घेऊन पुन्हा आले. यायला तयार नव्हते, केतकीने हट्ट केला. पहिल्याच संध्याकाळी ते टाकीसमोर खुर्ची घेऊन तासभर बसले, सासूबाईंना एकेक मासा दाखवला. मी म्हटलं, नाना, चला, मागचं नवीन काम दाखवतो, सगळं तुमच्या पद्धतीने करून घेतलंय. ते माझ्याबरोबर किचनपर्यंत आले. मी आत जाऊन दिवा लावला, नवा स्विच दाखवला, वायर कशी पाण्याच्या वरून नेलीये ते दाखवलं. ते दाराबाहेरून वाकून सगळं बघत होते, चांगलं झालं म्हणाले.

मी म्हटलं, “आत या ना.”

“नको,” नाना म्हणाले. “मी इथनंच पाहतो. पुन्हा काही झालं, तर मी आत नव्हतो हे तुम्हालाही ठाऊक असंल.”

अगदी साधेपणाने म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. दोन महिने राहिले, पण त्या खोलीचा उंबरा त्यांनी ओलांडला नाही.